एकाहत्तरावं मिनिट

अफझलगंज, हैदराबाद
२० जानेवारी

प्रिय प्रज्ञेश,

जयभीम.

हे पत्र तुला निशिगंधा वाचून दाखवत असणार. तुझं मराठी वाचन तसंही अगाध. दुकानाची पाटी वाचायला तुला अर्धा दिवस लागतो, आणि आता तर डोळ्यांवर पट्टी आहे. निशी, तू बँकेतून रजा काढून मंगळूरला भावापाशी बसलीच आहेस, तर एवढं कर. जसं लिहिलंय तसं वाच, मधलं गाळू नकोस. तुला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मी जरा फोडून लिहितो.

आधी टीमचं सांगतो. मुसी युनायटेड आठव्या नंबरवर आहे. पहिले सहा पुढच्या फेरीत जातात. आमचे सहा सामने राहिलेत. शुक्रवारचा सामना लीगनं तुमच्या मंगळूर मरीनर्सला देऊन टाकला आणि आमचे पुढचे दोन घरचे सामने रिकाम्या मैदानात खेळायला लावले. म्हणजे आता आम्ही टीव्हीपुढं बसायचं आणि भिंतीला शिव्या द्यायच्या.

गोलकीपर झोमा चांगला आहे, पण तोंड उघडत नाही. पुढच्या पोरांना ओरडून जागेवर ठेवायचं काम कीपरचं असतं, हा देवळातल्यासारखा गप्प उभा. साईकिरण दिवसभर पळतो आणि बॉल मागंच देतो. ओकोरोची तर गंमतच आहे. एवढा धिप्पाड स्ट्रायकर, तीस पावलं पळतो आणि बुटाची लेस बांधायला बसतो. कोच बाहेरून हातवारे करतो, ते स्पॅनिशमध्ये असतात की कशात, कुणालाच कळत नाहीत.

पण खरं भोक डाव्या बाजूला आहे. डावा बॅक म्हणजे, निशी, डाव्या कडेला उभा राहून समोरच्याला आत येऊ न देणारा गडी. सहा हंगाम ती जागा तुझ्या भावाची होती. पिवळा शर्ट, तीन नंबर. सहा हंगामांत एकही गोल नाही. मीच त्याला चिडवायचो आणि मीच समजूत घालायचो, की डाव्या बॅकनं गोल मारायचा नसतो. आता तिथं गोव्याचा डेन्झिल आहे. त्याच्या बाजूनं म्हैससुद्धा गोल मारून जाईल.

ऑगस्टमध्ये तू मंगळूरला गेलास. कुणी कुठं नोकरी करावी यावर बोलणारा मी कोण? डेपोत मेकॅनिक होतो तेव्हा माझ्याही चार बदल्या झाल्या. पण बापाला ही बातमी गॅलरीतल्या लोकांच्या मोबाइलवरून कळावी? असो.

शुक्रवारचं बोलतो. तुझ्या गोलनंतर, एकाहत्तराव्या मिनिटाला, आमच्या दक्षिण गॅलरीतून टिपरू आलं आणि तुझ्या डाव्या डोळ्यावर बसलं. टिपरू म्हणजे हलगी वाजवायची जाड काठी, वीतभर, बाभळीची. ज्यानं मारलं तो सापडलाय. शशिकांत. तोच आपला पुण्याचा, कंप्युटरवाला, गॅलरीत घोषणा देणारा. सत्तर मिनिटं वाजवून मी दमलो म्हणून हलगी त्याच्याकडं दिली होती. पोलीस घुसले तेव्हा ती त्याच्या गळ्यात होती. इथले लोक तिला डप्पू म्हणतात. "डप्पूवाले को पकडो," एवढंच ते ओरडत होते. त्याला केसाला धरून पायऱ्यांवरून खाली ओढला. चष्मा तुटला, नाकातून रक्त आलं. दोन वर्षं माझ्या शेजारी उभा राहणारा माणूस. कुणाच्या पोटात काय असतं, सांगता येत नाही.

मी तुझ्याकडंच धावलो होतो. मैदानात उतरायचं गेट बंद होतं. शिपाई म्हणाला, "चाचा, पीछे हटो, नक्को." मी गज धरून उभा राहिलो. तुला स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा तुझा एक हात खाली लोंबत होता.

तुझी आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही. आईचं काळीज आहे, चालायचंच.

डॉक्टर काय म्हणतात ते कळव. आणि डेन्झिलला काढलं नाही तर आमचं काही खरं नाही.

तुझा
पप्पा


अफझलगंज
३० जानेवारी

प्रिय प्रज्ञेश,

जयभीम.

तुझं उत्तर नाही. निशीचा फोन आला तो आईला आला. आई दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती, तिला फोनवर फार सांगावं लागत नाही. ती "हं, हं" म्हणत ऐकत होती. फोन ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून बसली. मी विचारलं, काय झालं? तिनं स्वतःच्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसली.

म्हणजे डोळा गेला.

मी हे शब्द तीनदा लिहून खोडले. सव्वीस वर्षांचा तू. एका डोळ्यानं डावा बॅक कसा खेळणार? कडेनं येणारा माणूस दिसायला नको का? तुझा खेळ संपला, हे मला कळतं. मी चाळीस वर्षं फुटबॉल बघतोय, एवढं कळतं.

परवाचा सामना आम्ही तीन-शून्य हरलो. मी तो सुलतान बाजारातल्या इराणी हॉटेलात बघितला, कारण घरात बसवत नव्हतं. तिन्ही गोल डाव्या बाजूनं आले. तिसऱ्या गोलला पलीकडच्या टेबलावरचा एक जण म्हणाला, "अच्छा हुआ उस गद्दार की आंख गई. जो जाता उसका ऐसाच होना."

मी उठलो. चहाची बशी त्याच्या तोंडावर फोडली. तो खुर्चीसकट मागं पडला, मी त्याच्या छातीवर बसलो आणि मारत सुटलो. वय बासष्ट, हाताला संधिवात, पण डेपोत पाने फिरवलेला हात आहे. त्याचे दोन दात माझ्या मुठीत रुतले. खरं सांगतो, तेवढा वेळ मला बरं वाटलं. अकरा दिवसांत पहिल्यांदा श्वास नीट आला. चार जणांनी मला ओढून काढलं. तो तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला, "मारे सो तुमारेच लोगां. मेरेकू कायकू मार रें चाचा?"

हॉटेलवाल्यानं मला नळाखाली हात धुवायला लावला आणि मागच्या दारानं काढून दिलं.

मला हाताची सवयच वाईट आहे. निशी, तुला एक ठाऊक नाही, ते सांगतो. ऑगस्टमध्ये हा बूट न्यायला घरी आला होता. मी दारातच विचारलं, विचारून गेला असतास तर काय बिघडलं असतं? हा म्हणाला, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं, आणि मग मी गेलो नसतो." यात चुकीचं काय होतं? काही नव्हतं. मी थोबाडीत मारली. अशी मारली की ओठ फुटून दाराच्या चौकटीवर रक्त उडालं. हा बूट काखेत धरून जिना उतरला. त्यानंतर पाच महिने आमचं बोलणं नाही. मी तो डाग दोनदा पुसला, अजून बोटभर राहिलाय.

काल शशिकांतची बायको उषा आली होती. सोबत मुलगी, तन्वी, तिसरीतली. तन्वी शाळेत जात नाही, पोरं म्हणतात तुझा बाप डोळा फोडणारा. शशिकांतचा जामीन दोनदा फेटाळला. कोठडीत त्याला मारलं, डाव्या कानानं ऐकू येत नाही. कंपनीनं पत्र पाठवलंय, कामावर येऊ नका म्हणून.

उषा म्हणाली, "काका, शशी घोषणा देतो. तो मैदानाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभा असतो. दोन वर्षांत त्याने एकही गोल प्रत्यक्ष पाहिलेला नाही, घरी येऊन मोबाइलवर बघतो. मग त्याने नेम कसा धरला? तुम्ही त्याच्या शेजारी होतात. तुम्हाला काहीतरी दिसलं असेल."

मी म्हटलं, कोर्टात होईल काय ते.

ती माझ्या हाताकडं बघत होती. हात सुजलेला होता, दातांच्या खुणा होत्या. आईनं तन्वीला बिस्किटं दिली. दोघी जाताना आईनं उषाचा हात धरला आणि माझ्याकडं बघितलं. ते बघणं तू पाहिलं असतंस तर पत्र इथंच फाडलं असतंस.

ठाण्यातही बोलावलं होतं. "चाचा, आप बाजू में थे, क्या देखे?" मी म्हटलं, गर्दीत काही दिसलं नाही. इन्स्पेक्टर म्हणाला, तुमचा मुलगाही तेच म्हणतो, की मला काही दिसलं नाही. मी सही केली.

आणखी एक. गेट बंद होतं असं मी मागच्या पत्रात लिहिलं. गेट उघडं होतं, प्रज्ञेश. सताड उघडं होतं, लोक त्यातून मैदानात धावत होते. शिपाई बोलला ते मी मनानं घातलं. मी उलट्या बाजूनं पळालो, जिना उतरून रस्त्यावर, आणि पहिल्या ऑटोत बसून घरी आलो. तुझा लोंबणारा हात मी घरी टीव्हीवर पाहिला.

पप्पा


अफझलगंज
९ फेब्रुवारी

प्रज्ञेश,

आज टीमचं लिहीत नाही.

आज सकाळी तुझी आई बोलली. तेवीस दिवसांनी. मी चहा घेत होतो. तिनं मोबाइल आणून माझ्यापुढं ठेवला. त्यावर तुझ्या गोलचा व्हिडिओ होता. मोबाइलच्या शेजारी तिनं एक बारीक काडी ठेवली, हातभर लांब, बांबूची, मुठीपाशी निळी टेप गुंडाळलेली. ती काडी मी माळ्यावर जुन्या गाद्यांच्या आत खुपसली होती.

हलगी दोन काड्यांनी वाजते. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बारीक काडी. टिपऱ्यानं ठोका, काडीनं मधलं भरायचं. दोन्हींना मी डेपोतली एकच निळी टेप गुंडाळली होती. पोलिसांकडं टिपरू आहे, हलगी आहे, माणूस आहे. दुसरी काडी कुठं, असं ठाण्यात कुणी विचारलंच नाही, कारण ती असते हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. तुझ्या आईला ठाऊक होतं. मी त्या संध्याकाळी घरात शिरलो तेव्हा ती माझ्या डाव्या मुठीत होती. ती लपवताना आईनं पाहिलं होतं. आणि दुसरी काडी असते हे आपल्या घरात सगळ्यांत जास्त ठाऊक आहे ते मला.

आता वाच, निशी. थांबू नकोस.

टिपरू मी मारलं.

हलगी शशिकांतकडं आधी दिली नव्हती. मारल्यावर दिली. गळ्यातून काढली, त्याच्या गळ्यात अडकवली आणि म्हटलं, "धर जरा." त्या बिचाऱ्याची मैदानाकडं पाठ होती. गोल झाला हे त्याला लोकांच्या तोंडाकडं बघून कळलं होतं. त्याला वाटलं, काका लेकाकडं निघालेत. "जा काका, जा," असं म्हणाला. मी स्वतःला सांगत होतो की मोकळं होऊन तुझ्याकडं धावायचंय. पण माझे पाय जिन्याकडं वळले, आणि ती हलगी त्याच्या गळ्यात का राहिली पाहिजे हे माझ्या हातांना कळत होतं. मी घाबरलो होतो. याला दुसरा शब्द नाही.

का मारलं, ते सांगायला मागं जावं लागेल. माझे वडील, तुझे अण्णा आजोबा, बिलोलीकडच्या गावात हलगी वाजवायचे. हौस म्हणून नाही, वाजवावी लागायची. एकदा अंगात ताप होता आणि पाटलाकडं लग्न होतं. दोघांनी घरातून ओढून नेलं. ते वाजवता वाजवता पडले, पडल्या पडल्या एकानं पोटात लाथ घातली, आणि ते उताणे पडूनच वाजवू लागले. मांडवातले लोक हसत होते. मी सात वर्षांचा होतो. मी हे पाहिलं. पुढच्या वर्षी आमच्या वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली, त्या दिवशी अण्णांनी हलगी विहिरीत टाकली आणि मला म्हणाले, "आता आपल्या घरात हे कुणासमोर वाजायचं नाही."

तू लहानपणी मुसीच्या पोरांच्या टीमकडून खेळायला लागलास आणि मी हलगी परत गळ्यात घातली. मनाशी म्हटलं, इथं कुणी वाजवायला लावत नाही, मी माझ्या लेकासाठी वाजवतो. कातडं बेगम बाजारातून मीच निवडून आणलं होतं. तू मंगळूरला गेल्यावरही वाजवत राहिलो. कुणासाठी, ते विचारू नकोस.

त्या दिवशी तू बाहेरच्या टीमचा होतास. गॅलरी पहिल्या मिनिटापासून तुला आईबहिणीवरून शिव्या देत होती, आणि त्या शिव्यांना ताल मी देत होतो. मग तू गोल मारलास. जुन्या टीमला गोल मारला तर खेळाडू हात जोडतो, नाचत नाही, अशी रीत आहे. तू तुझ्या सोबत्यांना सोडून आमच्या गॅलरीखाली धावत आलास. माझ्यासमोर थांबलास. डावा हात छातीपाशी वाकवलास आणि उजव्या हातानं हवेत हलगी वाजवायला लागलास. माझ्याकडं बघून.

मागून एक जण ओरडला, "देखो रे, छोकरा बी बाप का धंदाच करतै!" आणि मागच्या चार रांगा हसल्या.

मला वाटलं, तू मला सगळ्यांसमोर दाखवून देतोयस, की बघा, माझा बाप वाजवणारा. ऑगस्टमधली थोबाडीत तू फेडतोयस. मागचं हसणं कानात होतं. हसणारे माझ्या पाठीशी होते, आणि माझा हात उठला तो पुढं, तुझ्याकडं. मारायचं होतं मला. निसटलं वगैरे काही नाही. पूर्ण ताकदीनं मारलं. मागच्यांच्या नजरा तुझ्यावर होत्या, माझ्या हाताकडं कुणी बघितलं नाही.

आज आई म्हणाली, "बघा. नीट बघा. लेकरानं तुम्हाला शबूद दिल्ता."

मी म्हटलं, कसला शब्द?

"बारा वर्षांचा होता तेव्हा. लायब्ररीच्या मागल्या भिंतीवर बॉल मारत होता. तुम्ही चिडवलं, डावा बॅक गोल मारत नसतो म्हणून. तवा म्हणाला, पप्पा, मोठ्या टीममधी माझा पहिला गोल झाला ना, तर मी तुमच्याकडं बघून अशी हलगी वाजवीन. मग तुम्ही बी वाजवायची. मी भाकरीचं पीठ मळत होते, मला आठवतंय. तुम्हाला नाही?"

मला आठवत नव्हतं. तिनं सांगितलं आणि आठवलं. ढोपरावर माती, डावा हात असाच छातीपाशी वाकवलेला. मी हसून म्हणालो होतो, "वाजवीन की. तू मार तर."

मग मी व्हिडिओ बघितला. वीसदा बघितला असेल. तू हसतोयस. चिडवणारं हसू नाही ते, बारा वर्षांचं हसू आहे. गॅलरी त्यात दिसत नाही, पण टिपरू धरलेला माझा हात कधी वर गेला ते मला कळतं, तिथं तुझं हसू आणखी मोठं होतं. कारण तुला वाटलं, पप्पा आता वाजवणार. म्हणून तू तोंड फिरवलं नाहीस, हात आडवा धरला नाहीस. टिपरू डोळ्यात शिरेपर्यंत तू माझ्याकडंच बघत होतास.

आणि पोलिसांना सांगितलंस, काही दिसलं नाही.



पप्पा


पोलीस ठाणं, हैदराबाद
१२ फेब्रुवारी, दुपार

प्रिय प्रज्ञेश,

जयभीम.

हे ठाण्यातल्या बाकावर बसून लिहितोय. आई शेजारी बसली आहे, पोस्टात तीच टाकेल. मला आत घेणार आहेत, कागद तयार होईपर्यंत वेळ आहे.

सकाळी मी बारीक काडी घेऊन आलो आणि इन्स्पेक्टरला म्हटलं, टिपरू माझं आहे. त्याला खरं वाटेना. म्हणाला, "चाचा, दोस्त को बचा रें क्या? सगे बेटे को कौन मारता?" मी म्हटलं, साहेब, मी मारतो. त्याला दोन्ही टेप दाखवल्या. तो म्हणाला, टेप काय, बाजारात मिळते. मग कोपऱ्यातल्या हलगीकडं बोट दाखवून म्हणाला, "दो लकडी से बजता? बजाके दिखाओ."

टिपरू पारदर्शक पाकिटात सील करून ठेवलंय. शिपायानं टेबलावरची लाकडी फूटपट्टी दिली. हलगी माझ्या गळ्यात घातली. आठ-दहा पोलीस गोळा झाले, त्यातला एक हसला, मोबाइल काढून उभा राहिला. आई खाली मान घालून बसली होती. मला अण्णा आठवले. हुकूम झाला म्हणून वाजवायचं, लोकांनी उभं राहून बघायचं, ज्यापायी त्यांनी हलगी विहिरीत टाकली होती तेच. आणि मी चालत येऊन स्वतःच्या गळ्यात घालून घेतलं होतं. एकदा वाटलं, फूटपट्टी त्या हसणाऱ्याच्या तोंडावर मारावी. हे लिहितो, कारण तसं वाटलं होतं. माझ्यातलं ते काही एका रात्रीत गेलेलं नाही.

मग मी डोळे मिटले आणि तुझा गोल आठवला. इतक्या पत्रांत तो कसा झाला याबद्दल मी एक शब्द लिहिला नाही. आता लिहितो, कारण मी आधी बघणारा आहे, बाकी सगळं नंतर. निशी, हे सावकाश वाच.

बॉल तुला अर्ध्या मैदानाच्या अलीकडं मिळाला. साईकिरण अंगावर आला, त्याला तू आतून काढलंस. डेन्झिल मधे आला, त्याच्या दोन पायांतून. तिथून कुणीही पास दिला असता, तूही सहा हंगाम दिलास. या वेळी नाही दिलास. पंचवीस पावलांवरून डाव्या पायानं मारलास, बॉल बाहेर चालल्यासारखा वाटला आणि खांबाला घासून आत वळला. झोमाचा हात पोचला नाही, कुणाचाच पोचला नसता. चाळीस वर्षांत मी डाव्या बॅकचा असा गोल पाहिला नाही. तो झाला तेव्हा माझ्या तोंडून "वा!" निघालं होतं. शशिकांतनं ऐकलं असेल तर तो सांगेल, तेव्हा त्याचे दोन्ही कान शाबूत होते.

मी वाजवलं. तुझ्या त्या पळण्याच्या लयीत वाजवलं, अर्ध्या मैदानापासून खांबापर्यंत. किती वेळ, माहीत नाही. थांबलो तेव्हा कुणी हसत नव्हतं. इन्स्पेक्टर म्हणाला, "बस चाचा, बस." त्यानं शशिकांतच्या वकिलाला फोन लावायला सांगितला. आईनं उषाला कळवलंय. उषा फोनवर म्हणाली, त्यांना सांगा की परत आमच्या दारात येऊ नका. बरोबर आहे तिचं.

टीमचं राहिलं. कालचा सामना आम्ही एक-शून्य जिंकलो. पास डेन्झिलचा होता. पोरगं बरं खेळतं, मी उगाच त्याच्यावर राग काढला. सहावा नंबर अजून मिळू शकतो. पुढचे सामने मला दिसणार नाहीत, निकाल आई सांगेल.

माफी मागत नाही. ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आता कसलंही ओझं नको. पण एक काम आहे. माझं एकट्याचं बोलणं पुरणार नाही असं शशिकांतचा वकील म्हणतो, बाप कुणाला तरी वाचवतोय असं कोर्टात म्हणतील. म्हणून इथून तुला फोन येईल. तुला पुन्हा विचारतील, टिपरू कुणी मारलं, तुला काय दिसलं.

पहिल्या वेळी तू बापासाठी खोटं बोललास. त्यात शशिकांतचा कान गेला. आता दिसलं म्हण, बाळा. माझं पूर्ण नाव घे आणि दिसलं म्हण.

तुझा
पप्पा